अकरा नंबरचा पांढरा कागद

आवाज बारीक येत असेल तर जरा जवळ या. मी प्लास्टिकच्या डबीतून बोलतोय आणि डबीचं झाकण घट्ट आहे. मी एक फिल्टर, हवा गाळणारा कागद. बिस्किटाएवढा गोल, आणि रंगाने अजूनही पांढरा. हे 'अजूनही' माझ्या फार जिव्हारी लागलंय. आमच्यात पांढरं राहणं ही शोभेची गोष्ट नाही. मी काळा झालो असतो तर आज एका माणसाचं आणि त्याच्या लेकीचं भलं झालं असतं.

मी कुरकुऱ्या वाटलो तर वाटू द्या. हे कुणाला तरी सांगायचंच आहे, आणि ड्रॉवरमध्ये माझ्या शेजारी जो पडलाय त्याला माझी गोष्ट ऐकून ऐकून पाठ झालीये.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. म्हणायला कागद, पण केसापेक्षा कितीतरी बारीक धागे एकमेकांत गुंतवून माझं अंग बनवलेलं आहे. लांबलचक पट्ट्यातून आम्ही खटाखट गोल कापले गेलो. मग उजेडाच्या टेबलाशी बसलेल्या एका बाईंनी आम्हाला एकेक करून पाहिलं. ज्याच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढं भोक, तो बाद. माझ्यावर त्यांची नजर जरा जास्त वेळ थांबली तेव्हा माझं पाणी पाणी झालं होतं, पण त्यांनी मला चांगल्यांच्या पेटीत टाकलं. आमच्या घराण्यात शिकवण एकच. हवेला जाऊ द्यायचं, आणि हवेतून जे येईल ते धरून ठेवायचं.

पेटीतून मी एका प्रयोगशाळेत आलो. तिथे एक वजनाच्या बाई होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा दोरीला बांधलेला, आणि आमच्याशी बोलायची सवय. त्यांच्या खोलीत कुणी मोठ्याने दार लावलं तरी त्या डोळे वटारायच्या, कारण त्यांचा काटा इतका हळवा की जवळ कुणी श्वास सोडला तरी त्याचे आकडे पळायचे. आम्हाला उचलायचं झालं की त्या स्वतःचा श्वास रोखत, चिमट्याने अलगद धरत आणि काट्यावर ठेवत. एकदा, दोनदा, तीनदा. मग वजन लिहून घेत. काम झालं की परत असंच वजन करायचं, आणि जे वाढलं असेल ती त्या माणसाच्या हवेतली धूळ. इतकं साधं. मला त्यांनी डबीत घातलं आणि वर लिहिलं, अकरा.

माझ्या पाठोपाठचा बारा नंबर, तोच आता माझ्या शेजारी आहे. त्याचं काम काहीच न करण्याचं. त्याला सोबत न्यायचं, डबी एकदा उघडून मिटायची, आणि कोराच परत आणायचा. प्रवासात, हाताळण्यात आमच्या अंगावर काही बसतंय का, ते त्याच्यावरून ताडून बघतात. मी त्याला फार चिडवलं. आयतोबा म्हणालो, फुकटचा फिरून येणार म्हणालो.  हे चिडवणं माझ्याच अंगाशी येणार होतं हे मला काय ठाऊक.

एका सकाळी पंपवाल्या मॅडम आम्हाला घेऊन विमानतळावर गेल्या. त्या तरुण होत्या, चालायला चपळ, खांद्यावर पंपांची बॅग. विमानाजवळ काम करणाऱ्या माणसाच्या नाकाशी नेमकी कसली हवा येते, हे त्यांना बघायचं होतं. भिंतीवर यंत्र टांगलं तर भिंतीची हवा कळते, माणसाची नाही. म्हणून पंप माणसाच्या कमरेला, त्याची नळी पाठीवरून खांद्यावर, आणि नळीच्या टोकाला कॉलरपाशी मी. पंप मिनिटाला दोन लिटर हवा माझ्यातून ओढणार, आणि आठ तास मी त्या माणसासोबत त्याचाच श्वास घेणार. ऐकून माझी छाती फुलली होती. आता आपलं काम सुरू होणार, आता आपण काही तरी धरून आणणार.

आम्ही गेलो तो सात नंबरचा बे. विमान उभं राहतं त्या जागेला तिथे बे म्हणतात. इमारत त्या जागी कोपरात हात मुडपावा तशी वळली होती, आणि त्या वळणात सात नंबर. वारा तिथे आत यायचा, पण बाहेर जायची वाट त्याला सापडायची नाही. विमान आलं की इंजिनांचा धूर, ब्रेकचा भुगा, आणि विमान उभं असतानाही त्याच्या शेपटीतलं छोटं इंजिन गुरगुरत राहायचं त्याचा गरम झोत, सगळं त्या कोपऱ्यात घुटमळायचं. भिंतीला दर वर्षी पांढरा रंग द्यायचे आणि सहा महिन्यांत ती राखेच्या रंगाची व्हायची. भिंतीला लागूनच कामगारांची बसायची खोली होती. तिच्या दाराला रबराची पट्टी, छतात एसी. दार लागलं की आत बाहेरचा आवाज नाही आणि वासही नाही.

त्या खोलीत मला ठोकळेकाका भेटले. विमान थांबलं की त्याच्या चाकांना पुढून मागून रबराचे जड ठोकळे लावायचे आणि निघताना काढायचे, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. म्हणून सगळे त्यांना ठोकळेकाका म्हणायचे. मॅडमनी फॉर्मवर ते आडनाव समजून लिहून टाकलं आणि सगळी खोली हसली. काका म्हणाले, राहू द्या, खऱ्या नावाने हाक मारली तर मीच मागे वळून बघणार नाही. बोलता बोलता तेही हसले आणि हसता हसता खोकायला लागले. बाकीच्यांचं हसून झालं, पंप बॅगेतून काढून झाले, तरी काकांचा खोकला थांबला नव्हता.

पंप लावायला बाकी कुणी तयार नव्हतं. एकाला त्याची गुणगुण नको होती, दुसऱ्याला मानेला नळी टोचेल असं वाटत होतं. काकांनी मात्र शाळेतल्यासारखा हात वर केला. त्याला कारण होतं.

कारण बाहेर ट्रॅक्टरवर बसलेलं होतं. त्यांची लेक त्याच बेवर सामानाच्या गाड्या ओढणारा ट्रॅक्टर चालवायची. सव्वीस वर्षांची, आवाज खणखणीत, वळणं अशी घ्यायची की मागच्या चारही गाड्या शिस्तीत वळाव्यात. घरी ती त्यांना बाबा म्हणायची, कामावर मात्र सगळ्यांसारखं काका. वशिल्याने लागली असं कुणी म्हणू नये म्हणून तिने तो नियमच केला होता. गेले काही महिने सकाळी उठल्यावर तिला खोकल्याची उबळ येत होती. आधी दोन कोरडे ठसके, मग एक लांबलचक. काकांनी तो खोकला लगेच ओळखला, कारण तो त्यांचाच होता. तिच्या वयाचे असताना त्यांनाही तसाच सुरू झाला होता.

काकांनी डॉक्टरांना दाखवून झालं होतं. डॉक्टरांनी आधी विचारलं, सिगारेट किती ओढता. काकांनी आयुष्यात ओढली नव्हती. मग डॉक्टरांनी ॲलर्जी लिहिलं. काका लेकीचा अर्ज घेऊन पाळीच्या साहेबांकडेही गेले होते, तिला आत सामानाच्या पट्ट्यावर घ्या म्हणून. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की एकट्या तिला कशाच्या आधारावर हलवू. हवेची तपासणी होणार आहे, त्यात सात नंबर वाईट निघू दे. मग विमानं इंजिन बंद करून ओढून आत आणू, माणसं दर दोन तासांनी बदलू, तुमच्या लेकीला पहिल्यांदा आत घेऊ. पण ते कागदावर यायला पाहिजे.

कागद म्हणजे मी. हे सगळं काकांनी मॅडमना सांगितलं तेव्हा मी त्यांच्या कॉलरला लागलेलो होतो, आणि माझ्यावर केवढी जबाबदारी आहे ते मला तिथेच कळलं. मॅडम म्हणाल्या की पाळी संपेपर्यंत पंप काढायचा नाही, माझ्यावर हात ठेवायचा नाही, आणि बाकी रोजच्यासारखंच वागायचं. काकांनी नवस बोलावा तशा गंभीर चेहऱ्याने मान हलवली.

"आठ तास अंगावर," ते म्हणाले. "जेवतानासुद्धा काढणार नाही."

आणि खरंच सांगतो, जेवताना काढला नाही.

आता घोळ कुठे झाला ते ऐका. त्या खोलीच्या दारापाशी एक फळी होती, आणि फळीवर ओळीने खिळे. विमान येतंय असं कळलं की सात नंबरचा प्रत्येक माणूस बाहेर पडण्याआधी अंगावरचं सगळं लोंबतं काढून आपापल्या खिळ्याला अडकवायचा. टोपी, गळ्यातलं ओळखपत्र, मफलर, खिशातलं पेनसुद्धा. चालू इंजिनाचं तोंड समोर दिसेल ते ओढून घेतं. काका नवीन असताना एकाची टोपी अशीच गेली होती. इंजिनाचा चुथडा झाला, विमान रद्द झालं, आणि त्या माणसाची नोकरी त्याच दिवशी संपली. काकांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून नव्या माणसाला ते पहिल्यांदा खिळ्यापाशी उभं करायचे, काम मग शिकवायचे. बावीस वर्षांत त्यांच्या अंगावरून साधी टाचणी इंजिनापाशी गेली नव्हती, आणि याचा त्यांना अभिमान होता.

पहिलं विमान आल्याची घंटा झाली. काका उठले. हात टोपीकडे गेला, टोपी खिळ्याला. हात ओळखपत्राकडे गेला, ते खिळ्याला. मग तोच हात माझ्याकडे आला. नळी लोंबत होती, क्लिप सैल होती. त्यांनी विचारसुद्धा केला नाही. कॉलरची क्लिप सोडली, कमरेचा पंप काढला, आणि आम्हाला हळूच खिळ्याला लावलं. इतकंच नाही, माझं तोंड भिंतीकडे येत होतं ते पाहून मला वळवून नीट खोलीकडे केलं. मग दार उघडून बाहेर गेले आणि दार मागे बंद झालं.

मी ओरडलो. अहो काका, हीच तर वेळ आहे, मला कुठे सोडून निघालात. पण कागदाचं ओरडणं पंपाच्या गुणगुणीत कुणाला ऐकू येणार. पंप इमानदार होता. खिळ्यावर लटकून तो मिनिटाला दोन लिटर हवा ओढत राहिला, एसीची थंडगार, गाळून घेतलेली हवा.

खिडकीतून मला सगळं दिसत होतं. विमान वळून आत आलं, काका भिंतीपाशी उभे राहिले, आणि इंजिनं थांबेपर्यंत त्या झोतात त्यांच्या पँटचे पाय फडफडत होते. मग ते वाकून ठोकळे घेऊन चाकांपाशी गेले. चाकं ब्रेक मारून मारून इतकी तापलेली की त्यांच्याभोवतीची हवा थरथरत होती. काका तिथे गुडघ्यांवर बसले, तोंड चाकाच्या अगदी जवळ. मागे ट्रॅक्टर आला. लेक शेपटीखाली थांबली, सामान उतरेपर्यंत तिथेच, त्या गुरगुरणाऱ्या छोट्या इंजिनाखाली. मी इकडे खिळ्यावर.

छतातल्या एसीत माझा एक धिप्पाड चुलतभाऊ होता, गादीएवढा जाड फिल्टर. त्याला मी विचारलं, तू तरी बघतोस का हे. तो म्हणाला, मी दर आठवड्याला काळाठिक्कर होतो, एक माणूस येतो, मला काढून कचऱ्याच्या पिशवीत टाकतो आणि नवीन बसवतो. माझं वजन आजवर कुणी केलेलं नाही. एवढं बोलून तो परत कामाला लागला.

विमान गेल्यावर काका आत आले. रुमालाने नाक पुसलं, रुमाल करडा झाला. मग हात धुतले, पुसून कोरडे केले, आणि मला परत कॉलरला लावलं. लहान बाळाला झबलं घालताना आई जपते तितकं जपून. खुर्चीवर बसले ते ताठ. डबा खाताना माझ्यावर काही सांडू नये म्हणून मान वर करून घास घेत होते, आणि बाकीचे त्यांना हसत होते. चहाच्या वेळी कपाची वाफ माझ्यावर येते असं वाटून त्यांनी कप लांब धरून चहा प्यायला. आराम करतानासुद्धा कुशीवर वळले नाहीत. माणूस चांगला होता हो. चांगुलपणा करण्यात त्यांनी कुठे म्हणून कसर ठेवली नाही, आणि दर विमानाला मला खिळ्यावर ठेवलं.

सहा विमानं आली, सहा वेळा मी खिळ्यावर गेलो.

सातवं विमान वेळेच्या आधीच आलं. काका तेव्हा खोलीबाहेर बुटाची नाडी बांधत होते. आत जायला वेळच मिळाला नाही, तसेच धावले, मी कॉलरला. माझा आनंद काय सांगू. दोन पावलांत हवा बदलली. गरम, तेलकट, तिखट. आणि त्या हवेबरोबर ते आले.

आधी मला कळलंच नाही की कुणी आलंय, इतके लहान. धूळ येते तेव्हा ती धाडकन आपटते, हे मात्र थरथरत, चाचपडत येतात, इकडे धडक, तिकडे धडक, आणि शेवटी धाग्याला चिकटतात. मी त्यांना विचारलं, तुम्ही कोण. एक म्हणाला, ब्रेक घासला त्यातून सुटलेला लोखंडाचा कण. एक इंजिनाच्या पात्यावरून झिजून निघाला होता, निकेलचा. दोघे तिघे जळलेल्या तेलातून आलेले, अंगावर जस्त. केसाच्या जाडीत तुमच्यासारखे किती मावतील असं विचारलं तर म्हणाले, ओळीने उभे केले तर हजाराच्या वर. मग इतक्या लहानांनी इथे येऊन करायचं काय, असं मी जरा फणकाऱ्यानेच बोललो.

"आम्हाला कुठे जायचं ते विचारतं कोण?" लोखंडाचा कण म्हणाला. "आम्ही एकत्र निघालो होतो. थोडे तुझ्यात अडकलो, बाकीचे यांच्या श्वासाबरोबर आत गेले. नाकाने आम्हाला अडवलं नाही, घशाने अडवलं नाही. तिथून परत आलेला आम्हाला अजून कुणी भेटला नाही."

मी काकांच्या छातीचा आवाज ऐकत होतो. वर खाली, वर खाली, माझ्यापासून वीतभर लांब. मला वाटलं, येऊ द्या, सगळे माझ्यात येऊ द्या. निदान आता तरी, आठ तास नाही तर एक तास, अर्धा तास मला इथे राहू द्या.

तेवढ्यात ट्रॅक्टर वळला आणि लेकीचं लक्ष काकांच्या गळ्याकडे गेलं.

"काका, गळ्यात लोंबतंय!"

काका दचकले. हात गळ्याशी गेला, नळी हाताला लागली, आणि त्यांचा चेहरा असा उतरला, जणू बावीस वर्षांची अब्रू आत्ताच गेली. ते उलट्या पावली आत आले. त्यांनी घाईघाईने माझी क्लिप सोडली. पोरीला त्यांनी काचेतून हात केला, बरं झालं बघितलंस म्हणून. तीही हसली. बापाला संकटातून वाचवल्याचा आनंद तिच्या तोंडावर दिसत होता. मी परत खिळ्यावर आलो. उण्यापुऱ्या चार मिनिटांची माझी नोकरी संपली.

पाळी संपल्यावर मॅडम आल्या. पूर्ण वेळ अंगावर होता ना, मध्ये कधी काढला का, असं त्यांनी विचारलं. काका खोटं बोलले नाहीत, हे मी आजही सांगतो. खिळ्याला लावणं म्हणजे काढणं, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. ते कामाचा भाग होतं, जसं हात धुणं, जसं बूट घालणं. ते म्हणाले, कधीच नाही, जेवताना नाही, चहाला नाही, आडवं झालो तेव्हाही नाही. बाकीच्यांनीही मान डोलावली, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मॅडमनी रकान्यात खूण केली आणि काकांनी खाली वळणदार सही केली. खिळ्यांची फळी मॅडमच्या पाठीमागे होती.

प्रयोगशाळेत वजनाच्या बाईंनी मला एक दिवस तसंच ठेवलं, मग श्वास रोखून काट्यावर घेतलं. मी जीव तोडून जड व्हायचा प्रयत्न केला. हसू नका. एकदा, दोनदा, तीनदा. आकडा होता तिथेच. माझ्या अंगातले ते पाहुणे इतके हलके की काट्याला त्यांची जाणीवच नाही. मग बाईंनी बाराला ठेवलं. माझ्यात आणि त्याच्यात काट्याला काही फरक दिसला नाही. मी ज्याला आयतोबा म्हणालो होतो त्याच्या शेजारी मी पडलो होतो, तितकाच कोरा.

बाईंना मात्र काही तरी खटकलं. त्यांनी चष्मा लावला, भिंग घेतलं, मला खिडकीपाशी तिरपं धरलं. मध्यभागी अगदी फिकट धुरकट झाक होती, ज्याला नजर आहे त्यालाच दिसावी अशी. त्या उठून वरिष्ठांकडे गेल्या, हा मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाठवू या म्हणाल्या. वरिष्ठांनी नियम काढून दाखवला. ज्याच्या वजनात फरक पडतो तोच पुढे जातो. बाई परत आल्या आणि मला डबीत ठेवताना म्हणाल्या, तू काही तरी लपवतोयस. मी लपवत नव्हतो. मी सांगत होतो, पण माझी भाषा त्यांच्या काट्याला येत नव्हती.

रिपोर्ट गेला. सात नंबर बे, हवा मर्यादेच्या आत, पुढची तपासणी तीन वर्षांनी.

महिन्याभराने प्रयोगशाळेत दोन माणसं आली. मी आवाजावरून ओळखली, कारण आधी दोन कोरडे ठसके आले, मग एक लांबलचक, आणि तो खोकला बाईमाणसाचा होता. काका लेकीला घेऊन आले होते. अर्ज नामंजूर झाला होता, आणि काकांना भांडायचं नव्हतं, फक्त तो कागद एकदा डोळ्यांनी बघायचा होता. पंपवाल्या मॅडमनी वजनाच्या बाईंना बोलावलं आणि त्यांनी माझी डबी काढून उजेडात धरली.

काकांनी वाकून मला जवळून पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून टेबलावर पसरला. आदल्या दिवशीचा, करडा, मध्ये काळपट. एका बाजूला तो आणि एका बाजूला मी. एकाच माणसाच्या नाकापासून वीतभर अंतरावरचे आम्ही दोघं.

"एवढा पांढरा?" ते म्हणाले.

मॅडमनी रुमाल पाहिला. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि काकांना त्या दिवशीचं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. खोलीत आलात, मी पंप लावला, मग काय केलंत. घंटा झाली. मग? मग उठलो. मग? काका सहज सांगून गेले की मग नेहमीसारखं गळ्यातलं सगळं खिळ्याला लावलं आणि बाहेर गेलो. सगळं म्हणजे काय काय, असं मॅडमनी विचारलं. टोपी, कार्ड, असं म्हणत काका बोटं मोजायला लागले, आणि तिसऱ्या बोटावर थांबले.

लेकीला त्यांच्या आधी कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. तिला ते सातवं विमान आठवलं असणार.

मॅडमनी त्याच वेळी वर फोन केला. तपासणी चुकली, परत करायला हवी, असं त्या तळमळून सांगत होत्या. पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांच्या आवाजातून कळत होतं. फॉर्म पूर्ण भरलेला आहे. रिपोर्ट वर मंजूर झालेला आहे. आता तीन वर्षांनी. आणि कामगाराने स्वतः लिहून दिलंय की पंप काढला नाही, खाली त्याची सही आहे. मॅडमनी फोन ठेवला आणि ते सहीचं काकांना सांगितलं.

"सही माझीच आहे," काका म्हणाले. "माझ्याच हाताने केलं मी हे सगळं."

वजनाच्या बाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. रुमालाची घडी घालत बसले, उलगडून परत घातली, परत उलगडली. लेक उठली. तिने त्यांच्या हातातून रुमाल घेतला, नीट घडी केली आणि त्यांच्या खिशात ठेवला.

"बाबा, चला," ती म्हणाली. "दोनचं विमान आहे."

ती कामावर निघालेली होती, तरी तिने बाबा म्हटलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ते तिच्यामागून निघाले. जिन्यावरून खोकल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. दोघांपैकी कुणाचा ते मला ओळखता आलं नाही.

आमच्यासारख्या कोऱ्यांना पुढे टाकून देतात. बाईंनी मला टाकलं नाही. डबीवरच्या अकरा आकड्याखाली त्यांनी पेनाने बारीक अक्षरात एक ओळ लिहिली आणि मला या ड्रॉवरमध्ये बाराच्या शेजारी ठेवलं. मॅडमची पत्रं अजून जातात, त्यांची उत्तरं अजून यायची आहेत. माझ्यातले ते चार मिनिटांचे पाहुणे अजून जागचे हललेले नाहीत. लोखंडाचा कण अधूनमधून विचारतो, आमच्याबरोबरच्यांचं काय झालं. मी त्याला काय सांगू.

तुमच्यापाशी माझं एकच मागणं आहे. कधी कुणी तुमच्यापुढे एखादा पांढरा स्वच्छ कागद धरला आणि म्हणालं, हे बघा, इथल्या हवेत काही नाही, तर त्या कागदाला आधी विचारा की तू त्या वेळी कुठे होतास. मला तर विचारायचीही गरज नाही. बाईंनी डबीवर लिहून ठेवलंय. विमान आलं तेव्हा हा खिळ्याला होता.